संडासाच्या खड्ड्यातली हाडं

पहार दगडावर बसली की टण्ण वाजते आणि मुरमात शिरली की खस्स करते, हे सकाळपासून ऐकून ऐकून मंजुषाला पाठ झालं होतं. म्हणून साडेनऊच्या सुमाराला परसातल्या खड्ड्यातून जो तिसराच आवाज आला, ठक्क, वाळलेल्या भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा, तो तिनं मागच्या दारात भूमितीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या बसल्या सगळ्यांच्या आधी ऐकला. मग खड्डा खणायला बोलावलेला अंगदमामा थांबला. तंबाखू मळायला माणूस थांबतो तसं हे थांबणं नव्हतं. पहार मुरमात उभी सोडून, हात बनियनला पुसत तो नुसता उभा राहिला. छातीइतका खड्डा झाला होता, त्यामुळे बाहेरून त्याचं मुंडकं तेवढं दिसत होतं, आणि ते मुंडकं म्हणालं, "पंडितराव, जरा हिकडं या बरं." मंजुषाला शुद्ध वैताग आला. ह्या घरात काम अर्ध्यात सोडताना माणसं ज्या आवाजात बोलतात, तो आवाज तिला गेल्या दोन वर्षांत चांगला ओळखू यायला लागला होता.

दोन वर्षं. आठवीत होती तेव्हापासून ती ह्या संडासासाठी काकाच्या, पंडिततात्याच्या मागे लागलेली; आई आणि अण्णा दरसाल ऊस तोडायला जायचे, म्हणून ती काका-काकूकडं राहायची. शिरूर कासार म्हणजे तालुक्याचं गाव, बसस्थानक आहे, तहसील आहे, मोबाईलची चार दुकानं आहेत, आणि ह्या सगळ्याला साक्षी ठेवून दहावीतली मुलगी रोज पहाटे टमरेल घेऊन वेड्या बाभळीत जाते. काकू सोबत येते आणि सगळ्या वाटेनं कोण कुणाशी बोलत नाही ते सांगते. बाभळीत पाय टोचतो, मोटारसायकलचा उजेड आला की उठून उभं राहायचं, उजेड गेला की पुन्हा बसायचं, हे उठणं-बसणं मोजलं तर पीटीच्या तासापेक्षा जास्त व्हायचं. पहिल्या साली तात्या म्हणाला, यंदा अधिक महिना हाय. दुसऱ्या साली म्हणाला, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली, तर खड्ड्यात बसवायचे सिमेंटचे कडे आले नाहीत. कडे आले, तर ते चार महिने चिंचेखाली पडून राहिले आणि त्यांच्यात कोंबडीनं अंडी घातली. शेवटी डिसेंबरात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मंजुषाच्या पचनसंस्थेच्या मॉडेलला पहिला नंबर मिळाला. सलाईनची नळी, फुगा आणि पाटीचं दप्तर एवढ्यावर तिनं ते केलं होतं. त्या ढालीसकट ती घरी आली आणि भर दारात, शेजारपाजार ऐकत असताना म्हणाली, "तात्या, आख्ख्या तालुक्याला मी सांगून आले की अन्न शेवटी कुठं जातं. आपल्या घरचं कुठं जातं, ते विचारलं असतं कुणी तर काय सांगितलं असतं?" तात्या हसला नाही, पण जानेवारीतला रविवार ठरला. तो हा रविवार. आणि तो साडेनऊला थांबला होता.

खड्ड्याच्या काठावर माणसं जमायला वेळ लागला नाही. तात्या आला, हातात चहाचा कप. केसरकाकू पिठाच्या हातांनी आली. समोरच्या घरातली भिवराबाई तर कुणी हाक मारायच्या आधीच आली. ऐकू कमी येतं म्हणून सरकारी मशीन लावलेल्या ह्या बाईला परक्याच्या परसातलं ठक्क कसं ऐकू जातं, ह्यावर खरं म्हणजे एक वेगळं मॉडेल करायला पाहिजे होतं. अंगदमामानं एक लांब, पिवळट हाड काठावर ठेवलं. "लेकराच्या मांडीचं हाय," तो हळू आवाजात म्हणाला.

"मामा," मंजुषा म्हणाली, "ह्या लेकराची मांडी एवढी आसंल, तर ते लेकरू तात्याच्या डोक्यावरून बघत आसंल."

"तू गप बस," काकू म्हणाली. मग स्वतःच वाकून बघत म्हणाली, "उंटाचं हाय. मी लगीन होऊन आले त्या साली उंटवाले उतरलते हितं. एक उंट मेलता त्यांचा."

"उंट न्हाई न् फिंट न्हाई," भिवराबाई म्हणाली. "करणी हाय ही. कुणीतरी तुमच्या वाईटावर हाय, केसर. मी तुला मागंच म्हणलते, म्हैस एकाएकी आटती कावून?"

"म्हैस गाभण हाय म्हणून आटली," मंजुषा म्हणाली.

"तात्याला बोलू दे," काकू म्हणाली.

तात्यानं चहाचा घोट घेतला. "कुत्र्याचं हाय," तो म्हणाला. "काढ, फेक, अन् मार पहार."

पण अंगदमामा खड्ड्यातून वर आला आणि चिंचेखाली कड्यावर जाऊन बसला. तीस वर्षं विहिरी आणि खड्डे खणलेला माणूस. त्याचे नियम होते आणि ते त्यानं बोटं मोडत सांगितले. लेकराचं असलं तर पोलीस येईपर्यंत तो हात लावणार नाही. करणी असली तर पोलीस येऊन गेल्यावरही लावणार नाही. कुत्रं, मांजर, डुक्कर, कोल्हा, काही असलं तरी अडचण नाही. "अन् गाय-बैल आसलं तर?" मंजुषानं विचारलं. तिनं ते सहज विचारलं होतं, सगळे पर्याय मांडायचे म्हणून. अंगदमामानं तिच्याकडं असं बघितलं जसं काही तिनं जेवणाच्या ताटात पाय ठेवला. "घरचं राबलेलं जनावर पुरलंय, अन् त्याच्यावर तुमी संडास बांधता का? गाय-बैल आसलं तर खड्डा बुजवायचा, हात जोडायचे. मी तर बुजवीन, बाकी तुमचं तुमी बघा." तात्यानं मान डोलावली, काकूनं डोलावली, भिवराबाईनं तर मशीन लावलेल्या कानाच्या बाजूनं दोनदा डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा त्या तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. दुसरी जागा नव्हती. परसाचा एक कोपरा हापशाजवळ, तिथं खड्डा घेतला तर पाणी नासतं. दुसऱ्यात गोठा. तिसऱ्यात चिंच. आणि चौथा हा.

तर मग आधी ठरवू, कशाचं आहे ते. मंजुषानं पुस्तक मिटलं, ओढणी कमरेला बांधली, जुना दातांचा ब्रश घेतला, बादलीत पाणी घेतलं आणि कुणी नको म्हणायच्या आत खड्ड्यात उतरली. वरून काकू ओरडत राहिली आणि खाली तिला एकदम गार, शांत वाटलं. मुरमाचा वास आला, पाटीवर पाणी मारल्यावर येतो तसा. तिनं आधी त्या हाडाचा फोटो काढून शाळेच्या प्रियदर्शनी मॅडमना पाठवला: मॅडम, हे कोणत्या प्राण्याचं असेल? मॅडमनी अंगठा पाठवला. मग तिनं तोच फोटो फोनच्या शोधात टाकला, तर फोननं तिला हस्तिदंती कंगवा दाखवला, आजच्या आज घेतला तर सवलतीत. म्हणजे फोनलाही ह्या घरातलंच वळण लागलं होतं. ठीक आहे. डोळे होते, हात होते, आणि शास्त्रीयदृष्ट्या विचार करायचा एवढं डोकं होतं. हा शब्द ती प्रदर्शनापासून जरा जास्तच वापरायची, हे तिला कळत होतं, पण तोंडात घोळवायला तो बोरासारखा लागायचा. लांब हाड घासलं. खालच्या टोकाला दोन गोल चाकं निघाली, शेजारी शेजारी, विहिरीवरच्या दोन कप्प्या एका कण्यात बसवाव्यात तशी. दोन चाकं म्हणजे दोन खूर. दोन खुरांचं जनावर. मग माणूस गेला, कुत्रं गेलं, कोल्हा गेला. "लेकरू न्हाई हे," ती खालून ओरडली. "कुत्रंबी न्हाई." "उंट?" काकूनं वरून आशेनं विचारलं.  मंजुषाच्या हाताला जबडा लागला होता. खालच्या जबड्यात पुढचे दात होते, सहा रुंद, दणकट, आणि कडेला दोन बारके दुधाचे. वरच्या जबड्यात पुढं दातच नव्हते, नुसती दाढांची रांग. रवंथ करणारं. हे तिनं सातवीत वाचलं होतं आणि बाईंनी म्हटलं होतं, लक्षात ठेवा, पेपरात येतं. पेपरात कधी आलं नाही. आज आलं.

तिला मजा यायला लागली होती, हे खरं. एकेक हाड घासून ती वर देत होती, तात्या वैतागून का होईना पण ते घेत होता आणि युरियाच्या पोत्यावर मांडत होता, आणि ती खालून सांगायची, ते वर नको, ते मागच्या पायाचं आहे, खाली ठेवा; आणि तात्या, ज्यानं आयुष्यात तिचं एक ऐकलं नव्हतं, तो ते खाली ठेवायचा. शेळीपेक्षा कितीतरी मोठं. म्हणजे गाय, बैल किंवा म्हैस. म्हैस निघाली तर काय, हे अंगदमामाच्या नियमात नव्हतं, ते विचारून घ्यायला पाहिजे, म्हैस असली तर कदाचित जमेल. म्हशीच्या नावानं कुणी हात जोडताना तिनं बघितलं नव्हतं, उलट शिव्याच ऐकल्या होत्या. म्हैस असू दे, ती मनात म्हणाली. देवा, म्हैस असू दे. असला नवस ह्या गावात कुणी बोललं नसेल. मग शिंगाचा गाभा लागला, शिंग कुजून गेल्यावर आत उरतं ते हाड. म्हशीचं असतं तर चपटं असतं. हे गोल होतं, मुठीत धरता येईल असं गोल. तिची चिडचिड झाली, जशी एका मार्कानं पहिला नंबर गेल्यावर होते तशी. आणि त्या चिडीतच तिनं खुराच्या बाजूची माती खरवडली, तर गंजलेला, अर्ध्या चंद्रासारखा पातळ पत्रा हाताला आला. त्यात दोन खिळे अजून होते. नाल. गायीला नाल मारत नाहीत. शेतातल्या बैलालाही लागत नाही, ढेकळात काय झिजणार. नाल लागतो तो डांबरी रस्त्यावरून उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाला, आणि बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन दोन पत्रे लागतात. हे तिला कुठल्या बाईंनी शिकवलं नव्हतं. साखर कारखान्याच्या अड्ड्यावर, ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोपीपुढं, बैलाला दोरानं आडवा पाडून नालबंद पत्रे ठोकायचा, आणि ती, पाच-सहा वर्षांची, त्याच्या तोंडापाशी बसून त्याचे डोळे झाकायची. त्याला दिसू नये म्हणून. एका हाताच्या तळव्यात एक डोळाही मावायचा नाही, पापणी तळव्यावर फडफडायची, ओली, केसाळ.

दुसऱ्या बाजूचं शिंग तिनं आधी शोधलं आणि मग शोधायला नको होतं असं तिला वाटलं. ते अर्धंच होतं. पहारेनं तुटलेलं नव्हतं. टोक गुळगुळीत होतं, जखम भरून हाड पुन्हा वाढल्यावर होतं तसं. ती ते बोटांनी चाचपत राहिली. वर काकू आणि भिवराबाईचं म्हशीवरून चाललं होतं. खाली तिच्या बोटांना ते टोक तिच्याआधी ओळखू आलं होतं, जसं अंधारात आपल्या घरातलं दिव्याचं बटन हाताला आपोआप सापडतं. ह्या तुटक्या शिंगावर ती आपली पाटी अडकवायची. उताराला गाडी कलली होती तेव्हा ते तुटलं होतं, रक्त आलं होतं, अण्णांनी हळद आणि तेल लावून फडकं बांधलं होतं आणि आई म्हणाली होती, बघा आता, एका शिंगाचा नवरदेव. बदाम्या. बदामी रंगाचा म्हणून बदाम्या. पण बदाम्या तर घाटनांदूरला होता. अण्णांनी त्याला घाटनांदूरच्या पाहुण्यांना दिला होता, त्यांच्याकडं विहीर होती, बारा महिने हिरवं होतं, तिथं त्याला नुसतं बसून खायचं होतं. हे तिला सातव्या वर्षी, उन्हाळ्यात एका दुपारी, आजोळाहून परत आल्यावर सांगितलं होतं, आणि आठ वर्षं हे खरं होतं. पाचवीत तिनं निबंध लिहिला होता, माझा आवडता प्राणी, त्यात घाटनांदूरची विहीर होती, विहिरीवर आंब्याचं झाड होतं, आंब्याखाली बदाम्या. तो निबंध बाईंनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता आणि एक पेन दिला होता. सातवीच्या सहलीला धर्मापुरीच्या देवळाकडं जाताना बस घाटनांदूरवरून गेली, तेव्हा सगळ्या पोरी अंताक्षरी खेळत होत्या आणि ही खिडकीला नाक लावून दिसेल त्या बैलाची शिंगं बघत होती. एकही अर्धं शिंग दिसलं नाही तेव्हा तिनं स्वतःची समजूत घातली होती की रस्त्यावर कसा दिसेल, तो तर विहिरीवर असेल. बारा वर्षांची घोडी. शास्त्रीयदृष्ट्या. हाडाखाली माती सारली तर एक प्लास्टिकचं पोतं निघालं, मिठाचं, रंग उडालेलं, अक्षरं अर्धी. म्हणजे मीठ घालून पुरला होता. तात्या-काकू त्या दिवसांत परगावी होते; कुणीतरी रात्र-दिवस न बघता एवढा मोठा खड्डा एकट्यानं खणला होता, आणि मीठ आणलं होतं, आणि नंतर तिच्यासमोर उकिडवं बसून घाटनांदूरची विहीर रचली होती, कठड्यासकट. कठडा आहे का, असं तिनं विचारलं होतं, तो पडू नये म्हणून. आहे, अण्णा म्हणाले होते. दगडी आहे.

ती वर आली नाही. खड्ड्यातच भिंतीला टेकून तिनं अण्णांना फोन लावला. अण्णा आणि आई कोल्हापूरच्या बाजूला एका उसाच्या फडात होते, ट्रॅक्टरच्या टोळीत. फोन तिसऱ्यांदा लागला. पलीकडं कोयत्यांचा सपसप आवाज, कुणाचं तरी खोकणं, ट्रॅक्टरची धडधड. "अण्णा, खड्डा खांदायलेत संडासाचा."

"चांगलं हाय की. अभ्यास कर."

"चिंचेच्या पलीकडल्या कोपऱ्यात."

कोयत्यांचा आवाज चालूच राहिला, पण अण्णांच्या बाजूचं काहीतरी थांबलं. "हापशाकडं घ्यायचा ना," ते म्हणाले. "पंडितला मी म्हणलतो, त्या कोपऱ्यात नको म्हणून. कवाच म्हणलतो."

"कावून नको?"

"उगाच. मुरूम हाय तिथं."

"अण्णा, माझ्या हातात त्याचं शिंग हाय."

पलीकडं अण्णांनी कोयता खाली टाकल्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "तू आजोळी गेलतीस तवा झालं. म्हातारा झालता त्यो." तो म्हातारा नव्हता, सहा दाती होता, चार-पाच वर्षांचा ऐन उमेदीतला, दात तिनं आत्ताच घासले होते. ती तसं म्हणाली. "सहा दाती न्हाई तर काय," अण्णा एकदम चिडून म्हणाले, आणि त्या चिडीतच त्यांच्या तोंडून गेलं, "किराळ लागली त्याला. दोन घंट्यात गेला. डॉक्टर येईस्तोवर गेला." आणि लगेच, धावत जाऊन सांडलेलं उचलावं तसं, "किराळ कशानंबी लागती. बांधावरचं खाल्लं आसंल कायतरी. सुटून गेला आसंल."

किराळ लागते ती कोवळ्या ज्वारीनं. कापणीनंतर बुडख्यांना उन्हाळ्यात जे हिरवे फुटवे येतात, त्यात विष असतं, ते जनावरानं खाल्लं की पोट फुगतं, पाय ताणतात, संपतं. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. सात वर्षांचं पोर, जे दर हंगामाला उसाच्या फडावरच वाढलं, ज्यानं ज्वारी कधी उभी बघितलीच नव्हती, ते जाणत नव्हतं. आजोळी जायच्या सकाळी, सगळं वैराण, पिवळं, आणि त्यात शेताच्या धुऱ्याकडं ती हिरवी झुलपं. ओंजळभर नव्हती, ओटीभर होती. फ्रॉकच्या ओटीत भरून आणली होती. बदाम्यानं आधी फ्रॉकच चाटला होता. बस चुकेल म्हणून आई हाका मारत होती. त्या वासाची आठवण आत्ता अशी समोर आली की मंजुषाला खड्ड्याच्या भिंतीतून हिरवा वास येतोय असं वाटलं, आणि तिला रडू आलं नाही, तिला राग आला, सगळ्या दिवसातला सगळ्यात मोठा. आठ वर्षं. म्हणजे त्यांना तेव्हाच माहीत होतं. दावणीपाशी उरलेले फुटवे त्यांनी बघितले असणार, उचलले असणार, कुठंतरी लांब नेऊन टाकले असणार. एक बैल गेला म्हणून गाडी गेली, गाडी गेली म्हणून ट्रॅक्टरची टोळी आली, टोळीत पोरांना जागा नाही म्हणून ती काकूकडं राहिली, शाळेत गेली, पहिला नंबर काढला, ढाल आणली. आणि ह्या सगळ्याच्या खाली, छातीइतक्या खोल, हे होतं, आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही. "मला सांगायचं ना," ती फोनवर म्हणाली. "काय सांगायचं?" अण्णा म्हणाले. "काय सांगायचं त्यात. म्हातारा झालता," आणि मग आईचा आवाज लांबून, कोण आहे, मंजी आहे का, जेवली का विचारा. जेवलीस का, अण्णांनी विचारलं. ह्या माणसाशी भांडायची काही सोयच नव्हती.

"झालं का तुझं संशोधन?" वरून तात्यानं विचारलं. "उन्हं माथ्यावर आली." तो काठावर उकिडवा बसला आणि भिवराबाईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "हे बघ मंजे, मला त्यातलं कळत न्हाई. तू शिकलेली हायस. तू कुत्रं म्हण. अंगद तुझं ऐकतो. त्यो पहार मारील, पाच वाजेस्तोवर कडे बसतील, पुढच्या रविवारी तू आत जाऊन कडी लावशील." ह्या माणसानं दोन वर्षांत तिच्या संडासासाठी एवढी एकच सोपी गोष्ट केली होती, आणि ती आत्ता. कडी. आतून लावायची कडी. रोज पहाटे बाभळीत बसल्या बसल्या तिनं त्या कडीचा आवाज किती वेळा मनात वाजवला होता. एक शब्द होता, दोन अक्षरांचा, आणि वरची चौघंही अडाणी होती, आणि तिचं खोटं पकडू शकणारा एकच माणूस कोल्हापूरकडं होता आणि त्याचा फोन आत्ताच कट झाला होता. तिनं तोंड उघडलं. तिच्या मुठीत ते टोक होतं. "बैल हाय," ती म्हणाली. "आपला बदाम्या हाय. घाटनांदूरला दिलाच नव्हता. अण्णांनी हितं पुरला."

तात्या उठला. सकाळचा चहाचा रिकामा कप काठावरच पडला होता, तो त्यानं उचलून चिंचेच्या बुंध्याशी ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. काकूनं पदर डोक्यावर घेतला. भिवराबाईनं, जिची आत्तापर्यंत करणी चालू होती, हात जोडले आणि म्हणाली, "मी म्हणलंच होतं, घरचंच कुणीतरी हाय." अंगदमामा फावडं घ्यायला उठला. सगळं इतक्या झटपट झालं की मंजुषाला वाटलं, ह्या माणसांना संडास सोडून बाकी सगळं झटपट जमतं. "कशानं गेलता?" तात्यानं विचारलं. "लई गुणाचा होता. कशानं गेलता म्हणं?"

"मी ज्वारीचे फुटवे चारले त्याला," मंजुषा म्हणाली. "किराळ लागली. मी चारले."

तात्यानं टोपी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग तात्या म्हणाला, "काय बी बोलती. म्हातारा झालता त्यो."

"सहा दाती होता."

"म्हाताराच होता," काकू म्हणाली. "मला आठवतंय ना. दोन वर्षं झालती, चालवत नव्हतं त्याला."

"पाठीला गाठ होती," भिवराबाई म्हणाली, जिनं बदाम्याला कधी धड बघितलंही नसेल. "मी बघितलीय." आणि अंगदमामा, जो त्या वेळी ह्या गावातही नव्हता, फावड्यावर हात ठेवून म्हणाला, "गाठीचं जनावर जगत न्हाई, पोरी." चौघंजण, एकमेकांकडं न बघता, एखादी जड वस्तू चारी बाजूंनी उचलावी तशी. सकाळपासून ती जे जे खरं सांगत होती ते ते त्यांनी खोटं ठरवलं होतं, आणि आता हेही. आख्खा दिवस ती पुरावे देत होती, आणि ह्या लोकांकडं पुराव्याला काही किंमतच नव्हती. तिला ओरडावंसं वाटलं.  ती खड्ड्यातून वर आली, शिंग पोत्यावर इतर हाडांशेजारी त्याच्या जागी ठेवलं, आणि अंगदमामानं एकेक हाड उलट्या क्रमानं खाली घेतलं. काकूनं मिठाचा डबा आणला. स्वयंपाकघरातला, अर्धा भरलेला. सगळा रिता केला.

खड्डा बुजला तेव्हा बारा वाजले होते. अंगदमामानं पहार पुसली. तात्यानं टोपी घातली आणि आभाळाकडं बघत, जसं काही आभाळातच लिहून ठेवलंय, म्हणाला, "आता पुढच्या साली बघू. जागा तर न्हाई." ते ऐकून मंजुषाच्या आत सकाळपासून जे जे साचलं होतं, बाभळीचे काटे, अधिक महिना, कोंबडीची अंडी, मॅडमचा अंगठा, दगडी कठडा, सगळं एकदम पायात उतरलं.  अंगदमामाच्या हातातून तिनं पहार घेतली, ती अपेक्षेपेक्षा जड निघाली, घरातून आरपार चालत, चुलीवरून, भांड्यांवरून, पुढच्या दारातून बाहेर आली. पुढं अंगण होतं, सडा-रांगोळीचं, तात्याच्या मोटारसायकलीचं, आणि लगेच रस्ता. बस ह्याच रस्त्यानं जायची. गावातला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी ह्या अंगणापुढून जायचा आणि आत काय चाललंय ते बघायचा. तिनं मोटारसायकल ढकलून भिंतीशी नेली.

"दारात?" तात्या मागून आला. "पुढच्या दारात संडास? अगं, पाव्हणे येतात हितून. गाव काय म्हणंल?"

"गाव पहाटं बाभळीत भेटतंच मला," ती म्हणाली. "त्याला काय सांगायचं ते मी सांगते." तिनं पहार उचलली आणि मारली. रांगोळीच्या ठिपक्यांतून ती टण्ण वाजली, दगड होता. हाताला झिणझिण्या आल्या, तिनं पुन्हा उचलली. तिसऱ्या घावाला ओढणी सुटली, पाचव्याला श्वास लागला. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबला आणि काय निघालं म्हणून विचारायला लागला. काही नाही निघालं, ती म्हणाली, काही निघायचंही नाही, पुढं चला. नवव्या की दहाव्या घावाला अंगदमामानं मागून हात घालून पहार धरली. तिला वाटलं, काढून घेतोय. तो म्हणाला, "सरळ मारू नको. कलती मार. दगड कडंनं उचकटायचा." आणि त्यानं मारून दाखवली. तात्या दारात उभा होता, तोंड उघडून, मिटून. मग त्यानं मोटारसायकल अजून हातभर पलीकडं सरकवली, जागा कमी पडत होती म्हणून.

काकू शेवटी बाहेर आली. तिनं रस्त्याकडं बघितलं, सायकलवाल्याकडं बघितलं, घामानं निथळणाऱ्या पोरीकडं बघितलं आणि आत गेली. आता ही रुसणार, जेवण बंद, आठवडाभर अबोला, मंजुषा मनात म्हणाली, आणि तिनं पहार पुन्हा हातात घेतली, कलती धरली. खड्डा अजून वीतभरही नव्हता, नुसता एक दगड उचकटला होता, तेवढ्यात काकू आतून जुनं लुगडं घेऊन आली आणि रस्त्याच्या बाजूला, अंगणातल्या लिंबाच्या फांदीपासून खिडकीच्या गजापर्यंत, आडोसा बांधायला लागली.